कोकणातली कातळशिल्पं, जमीन आणि राजकारण : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी राजापूर तालुक्यातला, पोटापाण्यासाठी ठाण्यात. सुट्टीत गावी गेलो की ओळखीपाळखीच्या लोकांना सडे दाखवायला नेतो, आणि दरवेळी तेच प्रश्न, तीच उत्तरं, घसा कोरडा. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवलंय. मी पुरातत्त्व शिकलेलो नाही हे आधीच सांगतो. सातबारा वाचायला मात्र शिकलोय, आणि या विषयात तो जास्त उपयोगी पडतो असं माझं मत झालंय.

कातळशिल्प म्हणजे काय? लेण्यांसारखं असतं का?

नाही. लेण्यात तुम्ही उभे राहून समोर बघता, इथे चित्र तुमच्या पायाखाली असतं. कोकणात गावाच्या वर जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, त्याला आम्ही सडा म्हणतो. त्या सड्यावर दगड खोदून रेषा काढल्यात, माणसं, हत्ती, मासे, पक्षी, वाघ, आणि काही चौकोनी नक्षीदार आकृत्या ज्यांचा अर्थ अजून कोणाला नीट लागलेला नाही. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात पुन्हा बाकीचे प्राणी कोरलेत. तिथे पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास विचारतो, "कुठाय हत्ती?" आणि तो हत्तीच्या पाठीवरच उभा असतो.

ही काढली कोणी? गावात तर म्हणतात पांडवांनी एका रात्रीत काढली.

आमच्याकडे पण तेच म्हणतात. सिंधुदुर्गातल्या कुडोपीला त्या जागेचं नावच बावल्यांचं टेंब. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच्या आकृतीला गाव आजही मानतं. शहरातले लोक यावर हसतात पण मला विचाराल तर पांडवांच्या गोष्टीने जितकं राखलं तितकं सरकारी बोर्डाने अजून राखलेलं नाही. माझ्या आजीने आम्हाला त्या खाचांवर बसून डबा खाऊ दिला नव्हता, एवढं पुरेसं होतं.

अभ्यासकांचं म्हणणं असं, की या चित्रांत शेतीचं काहीच दिसत नाही, नांगर नाही, पीक नाही, सगळे प्राणी आणि मासे, म्हणजे काढणारे शिकार करून जगणारे असावेत. काही ठिकाणी गेंडा आहे. कोकणात आज गेंडा कुठे आला? म्हणजे एकतर तेव्हा इथे होता किंवा काढणाऱ्याने दुसरीकडे कुठेतरी पाहिलेला होता.

किती वर्षं जुनी आहेत? टीव्हीवर दरवेळी वेगळा आकडा येतो.

येणारच. जांभ्यावर नुसती खाच आहे, रंग नाही, कोळसा नाही, हाड नाही, मग कार्बन डेटिंग कशाचं करणार? दगडाचं वय काढून उपयोग नाही, खाच कधी मारली ते हवंय. म्हणून आसपास सापडणारी दगडी हत्यारं, गुहांमधलं उत्खनन, चित्रातले प्राणी असा आडून आडून अंदाज बांधावा लागतो. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने २०१८ च्या सुमारास पहिला अंदाज इसवी सनापूर्वी १०,००० च्या आसपासचा सांगितला होता. अंदाज हा शब्द दोनदा वाचा.

आता यात राजकारण कुठे आलं, तर आकड्यात. ज्याला रिफायनरीसारखा प्रकल्प अडवायचाय तो शून्य वाढवतो, ज्याला प्रकल्प आणायचाय तो म्हणतो गुराख्यांनी टाइमपास म्हणून खोदलं असेल. हे फक्त आपल्याकडेच होतं असं पण नाही, पोर्तुगालची गोष्ट खाली सांगितलीय ती वाचा.

इतकी वर्षं कोणाला दिसली कशी नाहीत?

दिसत होती की. गुराख्यांना दिसत होती, शिमग्याला पालखी घेऊन सडा ओलांडणाऱ्यांना दिसत होती. कागदावर नव्हती इतकंच. निवळी फाट्याजवळची, गोव्यात कुशावती नदीच्या काठावरची उसगाळीमळची, अशी थोडीच ठिकाणं नव्वदीच्या दशकापासून अभ्यासकांना माहीत होती. पुढे सिंधुदुर्गात सतीश लळीत, आणि रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या मंडळींनी स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून, खराटा घेऊन सडे झाडून ही ठिकाणं शोधली. २०१८ पर्यंत पन्नासेक गावांत सापडली होती आणि त्यातल्या बहुतेक गावांना स्वतःलाच पत्ता नव्हता. आता आकृत्यांची संख्या हजाराच्या वर गेलीय. एवढं सगळं झाल्यावर मग सरकारने अभ्यासासाठी २४ कोटी जाहीर केले. क्रम लक्षात घ्या, आधी हौशी लोक, मग बीबीसीची बातमी, मग खातं.

बारसूचा वाद नक्की काय होता? मला तारखा नीट कळत नाहीत.

थोडक्यात सांगतो, थोडक्यात होणार नाही. इंडियन ऑइल, बीपीसीएल, एचपीसीएल आणि त्यांच्याबरोबर सौदी अरामको, अबुधाबीची अडनॉक यांची मिळून पश्चिम किनाऱ्यावर प्रचंड रिफायनरी करायची ठरली, मूळ आराखडा वर्षाला ६ कोटी टनाचा. पहिली जागा आमच्या राजापूर तालुक्यातलं नाणार. तिथे विरोध झाला आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या तोंडावर नाणार रद्द झालं. मग जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच तालुक्यातल्या बारसूची जागा सुचवली.

आणि आता हे नीट वाचा. त्याच २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. एकूण नऊ जागा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि बारसू, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाण. बारसू! म्हणजे एका हाताने जगाला दाखवायचं की बघा आमचा वारसा आणि दुसऱ्या हाताने तोच सडा रिफायनरीला दाखवायचा, आणि दोन्ही फायली एकाच वर्षातल्या. ही यादी केंद्राकडून जाते, पत्र राज्याकडून गेलं, त्यामुळे कुठल्याही पक्षाच्या माणसाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही, तरी सगळे दाखवतात.

एप्रिल २०२३ मध्ये मातीपरीक्षणासाठी मशिनं आली. जमावबंदी, शेकड्यांनी पोलीस, बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, अश्रुधूर झाला. मे महिन्यात पत्र लिहिणारे उद्धव ठाकरे स्वतः बारसूला आले आणि आता ते सत्तेत नव्हते, लोकांच्या बाजूने बोलले. त्याच्या आधी फेब्रुवारीत, रिफायनरीवर बातम्या लिहिणाऱ्या राजापुरातल्या एका पत्रकाराला गाडीखाली चिरडलं आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. हे सगळं ज्या दगडावरून चाललं होतं तिथे मध्ये एक माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ कोरलेत. असंच चित्र, माणूस आणि दोन बाजूंना जनावरं, हडप्पाच्या मुद्रांवर पण सापडतं.

पण सरकारने सांगितलं होतं ना, कातळशिल्पांची जागा वगळून प्रकल्प करू?

हो, सांगितलं होतं. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच प्रश्नावर.

"जागा वगळून" म्हणजे किती जागा? चित्राभोवती दोरी लावून चार खांब ठोकले की झाली वगळून? माझ्या मते पुरातत्त्वाचं सगळं राजकारण या एका रेषेत आहे, ती कुठे मारायची आणि कोण मारणार. चित्र एकटं नसतं. शेजारी पाण्याची जागा असते, खाली गुहा असते, शंभर पावलांवर अजून न झाडलेला कातळ असतो ज्यावर मातीचा पातळ थर आणि गवत आहे आणि खाली काय आहे ते कोणालाच बघायला वेळ झालेला नाही. काढणाऱ्यांनी सडा निवडला तो सडा होता म्हणून, आभाळ उघडं, समुद्राची दिशा समजते म्हणून असेल, कशासाठी असेल ते असेल. आता त्या वाघांच्या चारी बाजूंना टाक्या उभ्या राहिल्या आणि मध्ये पन्नास बाय पन्नासचा चौकोन ठेवला तर चित्र वाचलं असं कागदावर म्हणता येईल, पण तो देवळातला देव उचलून म्युझियममध्ये ठेवल्यासारखा प्रकार.

आणि वगळायला आधी माहीत पाहिजे ना कुठे कुठे आहेत. सर्व्हे पूर्ण व्हायच्या आधी बोअर मारायला घेतलं तर काय वगळलं हे कोण ठरवणार, मशिनवाला?

म्हणजे तुम्ही रिफायनरीच्या विरोधात.

हो, पण प्रामाणिकपणे सांगतो, कातळशिल्पांमुळे नाही. आंबा, मासे, पाणी, हवा ही कारणं आधीची. २०२३ च्या आधी आमच्यातल्या कितीजणांनी बारसूचं कातळशिल्प बघितलं होतं? मी स्वतः नव्हतं बघितलं, आणि माझं घर तिथून एसटीने तासाभरावर. आंदोलनात ते पोस्टरवर आलं कारण आंब्याच्या मोहोराची बातमी दिल्लीत होत नाही, युनेस्को म्हटलं की होते. यात चूक काही नाही, गरीब माणूस हातात येईल तो दगड उचलतो. पण मग प्रकल्प बाजूला पडला की दगड पण बाजूला पडतो, आणि तसंच झालंय, त्या वर्षी मे महिन्यात सड्यावर कॅमेरे मावत नव्हते आणि पुढच्या मे महिन्यात मी आणि दोन म्हशी.

दुसऱ्या बाजूलाही शिव्या घालण्यात अर्थ नाही. ज्याचा मुलगा बीएससी होऊन रत्नागिरीत मोबाइलच्या दुकानात बसलाय त्याला दहा हजार वर्षांचा गेंडा काय सांगायचा.

या जमिनी कोणाच्या असतात? सरकारच्या?

हाच तर घोळ आहे. बहुतेक सडे खाजगी. आमचाच सांगतो. आमच्या सड्याच्या सातबाऱ्यावर ३१ नावं आहेत, त्यातली ११ माणसं वारलीत, वारस तपास लागलेला नाही, बाकीचे परळ, विरार, डोंबिवली आणि एकजण मस्कतला. जमिनीपुढे शेरा पोटखराबा, म्हणजे सरकारच्या मते तिथे काही पिकत नाही, म्हणून किंमत नाही, म्हणून कोणाचं लक्ष नाही. अशी जमीन दलाल गुंठ्यावर नाही, एकरावर उचलतो. प्रकल्पाची कुणकुण लागली की बाहेरचे लोक आधीच येऊन घेऊन ठेवतात आणि मग मोबदला त्यांना मिळतो, गावात राहिलेल्या काकीला नाही.

मी एकदा एका सरकारी ऑफिसात विचारायला गेलो होतो की आमच्या गटात कातळशिल्प आहे अशी नोंद सातबाऱ्यावर करता येईल का. तिथल्या भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडांची नोंद असते, विहिरीची असते, चित्राची नसते. काजू किती आहेत तुमचे?" मी सात सांगितले. सात काजू नोंदवून आलो.

संरक्षित स्मारक जाहीर केलं की प्रश्न मिटला ना?

मिटत नाही, सुरू होतो. दोन रस्ते आहेत. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि राज्याचा १९६० चा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीने. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, दोन महिने हरकती घ्यायच्या, मग अंतिम. जमीनमालकाला भीती असते की उद्या माझ्याच जमिनीत गोठा बांधायला पुण्या-मुंबईला परवानगी मागायला जावं लागेल, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून काही ठिकाणी काय होतं ते तोंडावर कोणी सांगत नाही, पण सांगतो. सापडलं की लोक गप्प बसतात, किंवा गुपचूप माती टाकतात. संरक्षणाच्या भीतीने चित्र पुसलं जाणं, हे कुठल्या कलमात बसवणार?

आणि यादीत नाव असलं म्हणजे वस्तू जागेवर असतेच असंही नाही. २०१३ मध्ये कॅगने, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, तपासलं तेव्हा केंद्राच्या संरक्षित यादीतली ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. यादीत होती, जमिनीवर नव्हती.

युनेस्कोचा टॅग मिळाला तर?

संभाव्य यादी म्हणजे वेटिंग लिस्ट. निदान वर्षभर तिथे नाव असल्याशिवाय पुढे प्रस्तावच नेता येत नाही, आणि वर्षाला एका देशाचा एकच प्रस्ताव. म्हणजे आपली लढत परदेशाशी नाही, आपल्याच देशातल्या बाकीच्या जागांशी आहे, आणि तिथे कुणाची फाइल पुढे सरकवायची हे दिल्लीत ठरतं. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे किल्ले मुख्य यादीत लागले, महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतली जिंजी, अभिमानच आहे. किल्ल्यामागे मतं असतात. हत्तीच्या पोटातल्या माशामागे कुठली जात, कुठला पक्ष उभा राहणार? ज्यांनी काढली त्यांचं नाव नाही, भाषा माहीत नाही, वंशज म्हणून कोणी दावा करत नाही. जयंती नाही, पुण्यतिथी नाही. कातळशिल्पांचं सगळ्यात मोठं राजकीय दुर्दैव हेच आहे.

बाकी टॅगमुळे स्थानिकांना आनंदच होतो असं नाही. पन्हाळ्यावर लोक राहतात, त्यांनी आम्हाला उठवणार तर नाही ना अशी भीती बोलून दाखवलीच होती.

बाहेरच्या देशात असं कुठे झालंय का?

पोर्तुगालमध्ये कोआ नावाच्या नदीवर धरणाचं काम चालू होतं. १९९४ च्या शेवटी बातमी फुटली की खोऱ्यात दगडांवर अश्मयुगीन प्राणी कोरलेत आणि ते बुडणार. शाळेतली पोरं रस्त्यावर आली, घोषणा काय तर "चित्रांना पोहता येत नाही". वीज कंपनीने तज्ज्ञ आणले आणि त्यांनी सांगितलं की ही फार जुनी नाहीत. ओळखीचं वाटतंय ना? १९९५ मध्ये सरकार बदललं, नवीन सरकारने काम थांबवलं, १९९८ ला युनेस्कोत गेलं. आणि नंतर एका ठिकाणी खोदताना कोरलेला दगड अश्मयुगीन थरांखालीच गाडलेला सापडला, म्हणजे वयाचा वाद जमिनीनेच मिटवला. पण धरण थांबलं ते त्याच्या आधी, पुराव्याने नाही, निवडणुकीने. मला हे आवडतं आणि थोडी भीती पण वाटते.

उलटं पण झालंय. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये रिओ टिंटोने लोखंडाच्या खाणीसाठी जूकन घळीतल्या गुहा उडवल्या, ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर असलेल्या, आणि रीतसर परवानगी घेऊन. नंतर माफी, चौकशी, मोठ्या साहेबाची नोकरी गेली. गुहा गेल्याच.

रिफायनरी नाही आली म्हणजे आता धोका नाही ना?

चिरेखाण विसरलात. मोठ्या प्रकल्पाला मोर्चा निघतो, चिऱ्याच्या ट्रकला नाही. जांभा हाच आमचा बांधकामाचा दगड, तुमच्या सेकंड होमच्या भिंतीतला सुद्धा. गौण खनिजाची परवानगी काढायची, कटर लावायचं, आठवड्यात सडा वहीच्या चौकोनांसारखा कापलेला. शिवाय हापूससाठी कातळात सुरुंग लावून खड्डे, रस्त्यासाठी जेसीबी. मी एके ठिकाणी माशाची आकृती पाहिलीय, शेपटीवरून जेसीबीच्या दातांचे तीन आडवे ओरखडे गेलेले, पांढरट, ताजे. मशिनवाल्याला दोष देऊ शकत नाही, त्याला ते उंचावरून दिसलंच नसणार.

गावाला यातून काही मिळतं का?

उक्षीचं उदाहरण चांगलं आहे, गावाने स्वतःहून पुढाकार घेऊन हत्तीभोवती दगडांचा गडगा बांधला, वरून बघायला जागा केली. बाकी ठिकाणी पार्किंगचे वीस रुपये आणि कोकम सरबत. एवढ्यावर सडा राखा म्हणून सांगायला मला तरी लाज वाटते.

बघायला यायचंय. कधी येऊ, काय काळजी घेऊ?

सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते आणि रेषा उठतात. भर दुपारी काहीच दिसत नाही, फक्त तळवे भाजतात. फोटो चांगला यावा म्हणून चुना, खडू, रांगोळी भरू नका, सगळे भरतात, तरी तुम्ही भरू नका. बाटलीतलं पाणी ओतलं तरी काम होतं. चप्पल बाहेर काढा. ड्रोन उडवायच्या आधी ज्याची जमीन आहे त्याला विचारा, तो शेजारच्या वाडीतच असतो.

पावसाळ्यात आलं तर चालेल का?

या की. गवत वाढलेलं असतं, वाट निसरडी, अर्धी चित्रं दिसत नाहीत आणि एसटी कधी येईल सांगता येत नाही. पण श्रावणात सडा फुलांनी भरतो आणि खाचांमध्ये पाणी साचतं, मग हत्तीची सोंड लांबून चकचकीत दिसते. गेल्या वर्षी त्या सोंडेत बेडकाची पिल्लं होती, सोबत आलेला पोरगा तासभर हलला नाही, त्याला हत्ती दाखवायचा राहूनच गेला.